सोडा केगमधला गॅस गळतोय? पाना उचलण्याआधी गळती शोधा

मार्चमधल्या एका रविवारी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच होती. धाकट्या भावाच्या तालमीतली पंधरा-वीस पोरं मॅच संपवून थेट आमच्याकडे येणार होती. त्यांच्यासाठी मी आठवडाभर आधी आलं-गुळाचा सोडा केगमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या स्टीलच्या पिंपात, भरून फ्रिजमध्ये लावला होता. पोरं घामेजून दारात उभी राहिली, मी नळ उघडला, आणि बारीक धार येऊन थांबली. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा काटा शून्यावर. दहाच दिवसांपूर्वी भरून आणलेला दोन किलोचा सिलिंडर रिकामा झाला होता आणि या दहा दिवसांत ना आवाज आला होता, ना वास.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर पुन्हा भरून आणला आणि पाना घेऊन दिसेल तो नट आवळत सुटले. त्यात सिलिंडरच्या तोंडाशी असलेला नायलॉनचा वायसर चिरडला, म्हणजे गळती वाढलीच. तो वायसर शोधायला उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, गेले तेव्हा लेथवर काम करणाऱ्या एका काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवळतीस कशाला गं पोरी? आधी बघ की कुठनं गळतंय." पुढं मी जे काही शिकले ते याच वाक्याच्या मागं जाऊन. केगमधली गळती बहुतेक वेळा ढिल्या नटाची नसतेच. ती नीट न बसलेल्या रबराची असते, आणि रबर जोरानं बसत नाही.

हा लेख १९ लिटरच्या स्टीलच्या केगबद्दल आहे, ज्याला सगळे कॉर्नी केग म्हणतात. मुळात हे केग शीतपेयांचं सिरप हॉटेलांत पोचवायला बनले. नंतर त्या धंद्यात पिशवीबंद खोकी आली, जुने केग स्वस्तात बाहेर पडले आणि परदेशात घरी बिअर करणाऱ्यांनी ते उचलले. आपल्याकडं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणं परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. माझ्या केगमध्ये सोडाच असतो: कधी आलं-गूळ, कधी गगनबावड्याच्या घाटानं आलेलं कोकम, कधी नुसतं पाणी. आत काहीही असलं तरी केग, रबर आणि गॅस तेच, त्यामुळं गळती शोधायची रीतही तीच.

आधी जिवाची काळजी

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, म्हणून तो गळला की नाकाला कळतं. कार्बन डायऑक्साइडला वास नाही. शिवाय तो हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळं जमिनीलगत साचतो. दोन किलो गॅस बाहेर पडला की त्याचे अकराशे-बाराशे लिटर होतात. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली पूर्ण बंद असेल, तर तेवढ्यानं त्या खोलीतल्या हवेत सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड होतो. साध्या हवेत तो ०.०४ टक्के असतो आणि ४ टक्के ही जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे. म्हणून सिलिंडर झोपायच्या खोलीत ठेवायचा नाही. गळती शोधताना दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या. डोकं जड वाटलं, धाप लागली तर काम तिथंच टाकून बाहेर जायचं. सिलिंडर उभा आणि भिंतीला साखळीनं किंवा पट्ट्यानं बांधलेला हवा. आडवा ठेवला तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये (सिलिंडरचा दाब कमी करून पुढं देणाऱ्या भागात) शिरतो.

दुसरा नियम केगचा. कोणताही नट सोडवण्याआधी केगमधला दाब पूर्ण काढायचा. झाकणाच्या मधोमध असलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढायची आणि फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवायची. दाब असताना पोस्टचा (केगच्या माथ्यावरच्या गॅसच्या किंवा द्रवाच्या तोंडाचा) नट सोडवला तर तो तोंडावर उडू शकतो.

हे खरंच गळतंय का?

पुष्कळ जण इथंच फसतात. गार पाण्याचा केग भरायचा, ३० पीएसआय (हे दाबाचं माप) दाब द्यायचा, सिलिंडर बंद करायचा आणि तासाभरानं काटा १५ वर आलेला बघून गळती म्हणायचं. ही गळती नाही. गॅस पाण्यात विरघळतोय, आणि सोडा होणं म्हणजे तेच तर आहे. चांगला चरचरीत सोडा व्हायला लिटरमागं सुमारे ८ ग्रॅम गॅस पाण्यात जावा लागतो, म्हणजे पूर्ण केगला जवळपास दीडशे ग्रॅम. तेवढा जाईपर्यंत काटा उतरतच राहणार. म्हणून दाबाची कोणतीही परीक्षा रिकाम्या केगवर करायची.

दुसरा चकवा हवामानाचा. आपल्याकडं एप्रिलमध्ये दुपार आणि पहाट यांच्यात सहज दहा-पंधरा अंशांचा फरक पडतो. ३५ अंशांना ३० पीएसआय दाखवणारा बंद केग २५ अंशांवर आला की काहीही न गळता सुमारे दीड पीएसआय उतरतो. रात्री भरून सकाळी बघणार असाल तर आदल्या सकाळीच भरा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा.

तिसरा चकवा सिलिंडरच्या काट्याचा. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. जोवर आत थोडाही द्रव आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो: २० अंशांना सुमारे ५७ बार, भरलेला असो की पाव उरलेला. द्रव संपला की काटा धाडकन खाली येतो. म्हणजे काटा उतरताना दिसला तेव्हा सिलिंडर जवळजवळ रिकामा झालेला असतो. ३१ अंशांच्या वर तर आत द्रव राहतच नाही. आपल्या उन्हाळ्याच्या दुपारी काटा वर चढलेला दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो.

खरं सांगतं ते वजन. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, दहा किलोचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. रेग्युलेटर काढून भरलेल्या सिलिंडरचं वजन करा आणि चिकटपट्टीवर तारखेसह लिहून सिलिंडरलाच लावा. एका केगला विरघळणारे दीडशे ग्रॅम, शिवाय सोडा संपत जाताना त्याची जागा घेणारे शंभरेक ग्रॅम, असे मिळून अडीचशे ग्रॅम लागतात. दोन किलोत साधारण आठ केग निघाले पाहिजेत. तुमचे तीनच निघत असतील तर गळती नक्की आहे.

गळती कुठल्या भागात आहे

सगळीकडं साबण फासत बसण्याआधी यंत्रणेचे तुकडे पाडायचे. सिलिंडर ते रेग्युलेटर हा एक, रेग्युलेटर ते कपलर (पाइपाच्या टोकाचा, केगवर दाबून बसवायचा जोड) म्हणजे पाइप हा दुसरा, आणि केग हा तिसरा. कोणता तुकडा गळतोय हे कळलं की निम्मं काम झालं.

केगवरून कपलर काढा. कपलरचं तोंड आपोआप बंद होतं. सिलिंडर उघडा, रेग्युलेटर ३० पीएसआयला लावा आणि मिनिटभर थांबा. आता सिलिंडरची चावी बंद करा आणि रेग्युलेटरचा स्क्रू उलटा फिरवून पूर्ण ढिला सोडा. यानं रेग्युलेटरच्या आतलं दार मिटतं आणि दोन्ही बाजू वेगळ्या होतात. दोन्ही काट्यांचा मोबाइलवर फोटो काढा, पंधरा मिनिटांनी पुन्हा काढा. डोळ्यांवर विसंबू नका, काटा अर्ध्या रेषेनं हललेला लक्षात राहत नाही.

सिलिंडरकडचा काटा उतरला तर गळती सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्या जोडावर आहे. पाइपकडचा उतरला तर पाइप, त्याचे जोड किंवा कपलर. सिलिंडरकडचा उतरतोय आणि पाइपकडचा हळूहळू चढतोय, असं झालं तर रेग्युलेटरच्या आतलं दार नीट मिटत नाहीये. तो रेग्युलेटर वापरायचा बंद करा आणि जाणकाराकडून दुरुस्त करून घ्या किंवा बदला. घरी उघडू नका, त्याच्या एका बाजूला ५०-६० बारचा दाब असतो.

दोन्ही काटे जागच्या जागी राहिले तर संशय केगवर. इथं एक हिशेब लक्षात ठेवा. दीड मीटर बारीक पाइपात एक पीएसआय उतरायला जेमतेम तीन मिलिलिटर गॅस जावा लागतो. १९ लिटरच्या रिकाम्या केगमध्ये तोच एक पीएसआय उतरायला सव्वा लिटरच्या वर गॅस जावा लागतो. म्हणजे पाइपातली गळती पंधरा मिनिटांत दिसते आणि तेवढीच गळती केगमध्ये असेल तर काट्यावर दिसायला दिवस जातात. तासभर बघून केगला चांगला म्हणू नका. केगसाठी काट्यापेक्षा पाणी बरं.

पंक्चरवाल्याची रीत

सायकलच्या पंक्चरवाल्याला बघा. तो ट्यूब फुगवतो, घमेल्यातल्या पाण्यातून फिरवतो, बुडबुडा दिसला की तिथं खूण करतो. कॉर्नी केगचे सगळे जोड वरच्या तोंडाशीच असतात, बाकी अंग अखंड स्टीलचं. म्हणून रिकाम्या केगमध्ये ३० पीएसआय भरा, कपलर काढा आणि केग उलटा करून मोठ्या घमेल्यात किंवा बादलीत वीतभर पाण्यात धरा. झाकणाखाली अडकलेली हवा आधी हलवून निघू द्या. मग एक मिनिट अजिबात न हलवता बघा. बुडबुड्यांची रांग लागली तर गळती मोठी आहे. एकच बुडबुडा फुगत जाऊन दर वीस सेकंदांनी सुटत असेल, तर तीही गळतीच, आणि महिन्याभरात सिलिंडरवर तिचा फरक दिसतो.

पाइप आणि रेग्युलेटर पाण्यात बुडवायचे नाहीत. त्यांना साबणाचं पाणी. भांडी घासायच्या लिक्विडचा एक भाग आणि पाण्याचे चार-पाच भाग हळूच ढवळा. फेस करू नका, आधीचाच फेस असला तर नवा बुडबुडा ओळखू येत नाही. लहान ब्रशनं जोडाभोवती सगळीकडून लावा, खालच्या बाजूनंही, आणि टॉर्च तिरपी धरून दोन मिनिटं बघा. मोठी गळती लगेच फुगे काढते. बारीक गळती पांढऱ्या साईसारखा थर जमवते, आणि नेमकी तीच नजरेतून सुटते. रेग्युलेटरच्या टोपीवर छोटं भोक असतं, तिथंही एक थेंब टाकून बघा. तिथून बुडबुडे आले तर आतला पडदा फाटलेला आहे. काम झाल्यावर सगळं ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

झाकण

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गळती इथं, आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथंच.

गोळी सोड्याची बाटली आठवा. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आपल्याकडं ती अजून चालते. तिला बूच नाही, आवळायला काही नाही. आतला गॅसच काचेची गोळी गळ्यातल्या रबराच्या कड्यावर दाबून धरतो. दाब जितका जास्त, तितकी गोळी घट्ट. कॉर्नी केगचं झाकण अगदी तसंच चालतं. ते लंबगोल असतं, तिरपं करून केगच्या आत घालायचं आणि आतून वर ओढून बसवायचं. त्याला दाबून धरतो तो आतला गॅस. वरची तारेची कडी फक्त सुरुवातीला झाकण जागेवर धरते. म्हणून ५ पीएसआयला गळणारं झाकण ३० ला बंद होतं. कडीवर जोर लावून काही मिळत नाही, उलट ती वाकते.

झाकण बसवायची माझी पद्धत अशी. दाब काढून झाकण बाहेर घ्या. मोठी ओ-रिंग, म्हणजे झाकणाभोवतीचं रबराचं कडं, काढा, कोमट पाण्यात धुवा, बोटांत धरून गोल फिरवत चिरा आणि चपटे झालेले भाग शोधा. केगच्या तोंडाची आतली कड बोटानं चाचपा. गुळाचा वाळलेला थर किंवा वाळूचा कण तिथं बसला असेल तर रिंग कितीही नवी असली तरी गळणार. सुती फडक्यानं कड पुसा, घासणी वापरू नका, चरे पडतात. रिंगवर खाण्यायोग्य सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, रिंग चमकेल इतकाच. पेट्रोलियम जेली लावू नका. ईपीडीएम जातीचं रबर तिनं फुगतं आणि सैल पडतं.

आता झाकण आत घाला, एका हातानं वर ओढून धरा आणि कडी पाडायच्या आधीच कपलर लावून ३० पीएसआय सोडा. गॅसचा पहिला हिसका बसला की रिंग जागेवर बसल्याचं हाताला कळतं. मग कडी पाडा. तरीही गळलं तर दाब काढून झाकण अर्धं फिरवा, उजवी बाजू डावीकडं, आणि पुन्हा तेच करा. जुन्या केगचं तोंड कुठंतरी किंचित दबलेलं असतं आणि झाकणाची एक बाजू तिथं दुसरीपेक्षा बरी बसते. जुळलेली बाजू सापडली की मार्करनं झाकणावर आणि केगवर रेघ ओढून ठेवा.

एवढ्यानं नाही भागलं तर कडीचे पाय बघा. त्यांच्या टोकांची रबरी टोपणं झिजली की झाकण पुरेसं ओढलं जात नाही. तात्पुरता उपाय म्हणून दोन्ही पायांखाली एक-एक रुपयाचं नाणं सरकवून बघा. त्यानं थांबलं तर टोपणं बदला किंवा झाकणाची रिंग मऊ रबराची घ्या. मऊ रिंग दबलेल्या तोंडाला जास्त चांगली चिकटते. सिलिकॉनच्या रिंगा मऊ असतात खऱ्या, पण सिलिकॉनमधून हा गॅस इतर रबरांपेक्षा बराच जास्त झिरपतो. केग महिना-महिना लावून ठेवणार असाल तर मी त्या टाळेन.

झाकणाच्या मधोमध असलेला सेफ्टी व्हॉल्व्हही गळतो. त्यावर साबणाचा थेंब टाका. बुडबुडे आले तर व्हॉल्व्हची कडी दोन-तीनदा ओढून सोडा, बसलेला कण उडून जातो. तरी गळला तर व्हॉल्व्ह बदला. तो कधीही बंद करून टाकू नका, चिकटपट्टी लावू नका, एम-सील तर नाहीच. जास्त दाब झाला तर तुमच्या आणि स्फोटाच्या मधे तोच उभा असतो.

गॅसची पोस्ट

केगवर दोन पोस्ट असतात. गॅसच्या पोस्टच्या षटकोनी बुडाला बहुतेक वेळा खाचा असतात, द्रवाच्या पोस्टला नसतात. धुताना दोन्ही काढल्या आणि अदलाबदल झाली की कपलर अडकतो किंवा अर्धवट बसतो आणि गळतो. आधी तेवढं बघा.

पोस्टवर गळू शकणाऱ्या तीन जागा आहेत. त्या वेगळ्या ओळखायला सोपी खूण म्हणजे गळती कधी होते ते बघणं.

कपलर काढल्यावरच बुडबुडे येतात, कपलर लावला की थांबतात. दोष पॉपेटचा. पॉपेट म्हणजे पोस्टच्या आतलं स्प्रिंगवरचं छोटं दार. माझ्या केगमध्ये हे कित्येकदा झालं आणि दर वेळी कारण एकच निघालं: आल्याचा तंतू. गूळही कितीही चांगला घेतला, अगदी शाहूपुरीतून पारखून आणला, तरी त्यात उसाचा बारीक चोथा असतोच. म्हणून आलं-गुळाचं पाणी उकळून, मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळून, पूर्ण गार करूनच केगमध्ये भरा. उकळणं गाळण्याइतकंच गरजेचं आहे. कच्चं गुळाचं पाणी उबेत आंबतं, त्यातून केगचा दाब वाढतो आणि पेयाचं भलतंच काही होऊन बसतं. अडकलेला पॉपेट स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं दोन-तीनदा दाबून सोडला की पुष्कळदा मोकळा होतो. नाही झाला तर दाब काढा, पोस्ट उघडा, पॉपेट धुवा, त्याचं रबर चिरलेलं असेल तर बदला.

कपलर लावला की गळतं, काढला की थांबतं. दोष पोस्टच्या बाहेरच्या लहान ओ-रिंगचा. कपलर चढवताना-उतरवताना घासून ती कापली जाते, आणि कोरडी असेल तर लवकर. टूथपिकनं काढा, नवी चढवा, ग्रीसचा पातळ हात द्या. टोकदार सुईनं काढू नका, स्टीलवर ओरखडा पडला तर नवी रिंगही गळेल.

कपलर असो वा नसो, पोस्टच्या बुडाशी सतत बुडबुडे. दोष आतल्या नळीच्या रिंगचा. पोस्टखाली एक नळी असते. गॅसची आखूड, द्रवाची बुडापर्यंत. तिच्या गळ्यात सर्वांत लहान ओ-रिंग असते आणि ती नजरेआड असल्यामुळं वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही. दाब काढा, नीट बसेल अशा सॉकेटनं पोस्ट सोडवा, नळी वर उचला, रिंग बदला. पोस्ट परत बसवताना आधी हातानं पूर्ण फिरवा, मग पान्यानं थोडीच. इथं टेफ्लॉन टेप लावायची नाही. इथं आटे फक्त पोस्ट धरून ठेवतात, गॅस अडवतं ते रबर. टेपनं पोस्ट पूर्ण खाली बसत नाही आणि रिंग दबत नाही.

द्रवाच्या पोस्टची गळती शोधायला गूळ असला की कष्ट पडत नाहीत. फ्रिजबाहेर ठेवलेल्या केगवर मुंग्यांची रांग कुठं जाते तेवढं बघायचं.

सिलिंडरचा जोड

रेग्युलेटरच्या मोठ्या नटात नायलॉनचा किंवा फायबरचा वायसर असतो. काही रेग्युलेटरना कायमची ओ-रिंग असते, त्यांना वेगळा वायसर लावायचा नाही. वायसर एकदा दबला की त्यावर कडा उमटतात. सिलिंडर भरून आणल्यावर तोच परत लावला तर गळण्याची शक्यता मोठी. दर वेळी नवा लावा, तो अगदी स्वस्त असतो. सिलिंडरचं तोंड पुसा, वायसर मधोमध ठेवा, नट आधी हातानं, मग पान्यानं घट्ट. या एका जोडाला खरंच जोर लागतो. पण घट्ट करूनही गळत असेल तर आणखी आवळू नका, वायसर बदला. मी नेमकं उलटं केलं होतं. टेफ्लॉन टेप इथंही नाही. ती फक्त निमुळत्या आट्यांसाठी असते, जशी काटा रेग्युलेटरमध्ये बसतो तिथं.

सिलिंडरची चावी उघडताना सावकाश, पण शेवटपर्यंत उघडा. पुष्कळ चाव्या अर्ध्या उघड्या राहिल्या की दांड्याभोवतून गॅस सोडतात आणि पूर्ण उघडल्यावर आतून बंद होतात. पूर्ण उघडूनही दांड्यापाशी बुडबुडे आले तर सिलिंडर परत करा, तो घरी दुरुस्त करायचा नसतो. भरून घेताना खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीखही बघत जा. उलटलेली असेल तर घेऊ नका.

पाइप आणि गारठा

उद्यमनगरात हवेच्या लाइनचा पीयू पाइप आणि दाबून बसवायचे फिटिंग सहज मिळतात. गॅसच्या बाजूला ते चांगले चालतात. पेयाच्या बाजूला मात्र खाण्यायोग्य पाइपच हवा. अशा फिटिंगमधून गळती होते ती दोन कारणांनी. एक, पाइप तिरपा कापलेला. कात्रीनं कापू नका, धारदार ब्लेडनं काटकोनात कापा. दोन, पाइप एका बाजूला ताणलेला. फ्रिजचं दार लागताना पाइप ओढला जातो, फिटिंगमधली रिंग एका अंगानं मोकळी होते. पाइप हातभर जास्त ठेवा, म्हणजे तो सैल वळण घेईल.

नोझलवर चढवलेल्या पाइपाला क्लिप लागतेच. पाइपाचं टोक गरम पाण्यात धरून मऊ करा, नोझलवर शेवटपर्यंत चढवा, मग क्लिप. बारीक पाइपावर साधी स्क्रूची क्लिप गोल दाबत नाही, स्क्रूच्या घराखाली फट राहते. मोटरसायकलच्या पेट्रोल पाइपाची बारीक क्लिप तिथं जास्त चांगली बसते.

आणि ही गोष्ट मला सर्वांत उशिरा उमगली. माझी यंत्रणा बाहेर टेबलावर तीन दिवस एक थेंबही गळत नव्हती, फ्रिजमध्ये ठेवली की गळायची. गारठ्यात रबर आणि प्लास्टिक आकसतात, कडक होतात. दुपारच्या ३४ अंशांना घट्ट बसलेली क्लिप ४ अंशांना सैल पडते. म्हणून शेवटची परीक्षा गारच करायची. रिकामा, दाब भरलेला केग पाइपासकट रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी क्लिपा पुन्हा एकदा आवळा आणि मग तिथंच, फ्रिजचं दार उघडं ठेवून साबणाचं पाणी लावा.

रिंगा कुठून घ्याव्यात

केगच्या रिंगांचा संच ऑनलाइन मिळतो, पण संचाची वाट बघत केग बंद ठेवायची गरज नाही. ऑइल सील आणि ओ-रिंग विकणाऱ्या दुकानात जुनी रिंग घेऊन जा. फक्त माप सांगू नका, रिंगच द्या, कारण दुकानदार व्हर्नियरनं आतला व्यास आणि जाडी दोन्ही मोजतो. जाडी थोडीशी कमी असली तरी गळती होते. रिंग दबून चपटी झालेली असेल तर तेही सांगा, नाहीतर तो चपटं माप देईल. रबर खाण्याच्या वस्तूला चालणारं आहे का ते विचारा. मशिनच्या तेलासाठी बनलेल्या काळ्या रिंगेचा वास सोड्यात उतरतो. केग अडून राहू नये असं वाटत असेल तर निदान पोस्टच्या आणि नळीच्या चार-चार रिंगा घरात ठेवा.

सगळं बदलून झालं की पुन्हा पहिल्यापासून: काट्यांचा फोटो, घमेलं, गार परीक्षा. मग केग भरा, ४ अंशांना ३० पीएसआयच्या आसपास लावा, सिलिंडरचं वजन चिकटपट्टीवर लिहा. पहिला आठवडा-दोन आठवडे वजन उतरणारच, कारण सोडा होतोय. खरी नजर त्यानंतर. दोन आठवडे झाले की रेग्युलेटर काढून वजन करा, नवा वायसर लावून जोडा, नळ न उघडता तीन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा वजन करा. जोडताना-काढताना थोडा गॅस जातो, तेवढे दोन-चार ग्रॅम सोडून द्या. त्याहून जास्त उतरलं असेल तर घमेलं परत काढा.

आमच्या सिलिंडरवरच्या पट्टीवर आता अकरा नोंदी आहेत आणि शेवटच्या दोन नोंदींत तीन ग्रॅमचा फरक आहे.